किटलीचा पास

गोठ्यात बादली घरंगळली. खड, खड, खड, आणि भिंतीला आपटून थांबली. पहाटेच्या शांततेत तेवढाच आवाज. सून अंथरुणात उठून बसली आणि पुढचं काहीतरी ऐकू येण्याची वाट पाहू लागली. सासूची शिवी आली असती तर ती पुन्हा आडवी झाली असती. शिवी आली नाही.

ती धावत गेली. सासू गाईच्या मागच्या पायांशी बसली होती. एक पाय अंगाखाली दुमडलेला, हात शेणात.

"ओरडू नकोस," सासू म्हणाली. "पोर उठेल."

"काय झालं आत्याबाई?"

"काय व्हायचंय? घसरले. दूध सांडलं का बघ आधी."

दूध सांडलं नव्हतं. धार काढायचीच बाकी होती. तसं सांगितल्यावर सासूनं डोळे मिटले आणि मग कुठे तिच्या तोंडून कण्हणं बाहेर पडलं, जणू तोवर परवानगी नव्हती.

धार काढून होईतो गुडघा भोपळ्याएवढा झाला. सुनेनं जुन्या लुगड्याची पट्टी ओली करून बांधली. सासू भिंतीला टेकून बसली होती. कपाळावर घाम, पण नजर किटलीवर.

"गाडी चुकेल. तू जा."

"मी?"

"मग गाईला पाठवू?"

गाई दोन होत्या. एक उन्हाळ्यातच आटली होती. दुसरी अजून देत होती, पण किटलीच्या गळ्यापर्यंत दूध येऊन बरेच दिवस झाले होते. पावसानं दोन वर्षं तोंड दाखवलं नव्हतं, विहिरीत बादली टाकली की खाली गाळच हाताला लागे. चारा आणायला सुनेला कोरड्या ओढ्याच्या कडेनं लांब जावं लागे. तिथलं गवत इतकं राठ झालेलं की विळ्याला दोनदा धार लावली तरी बोटं कापायची. नवरा आठ महिन्यांपूर्वी काम बघून येतो म्हणून गेला होता. "अजून बघतोच आहे," असं सासू कुणी विचारलं की सांगायची, आणि विचारणारा गप्प व्हायचा.

उरली होती ती किटली. रोज सकाळच्या पॅसेंजरनं ती शहरात जायची, स्टेशनामागच्या खानावळीत रिकामी व्हायची आणि दुपारच्या गाडीनं परत यायची. तिच्या कडीला प्लास्टिकच्या पाकिटात सासूचा पास बांधलेला असे. दूधवाल्यांना सामानाच्या डब्यातून किटलीसकट जाता येईल असा तो जुना पास. नवे पास देणं रेल्वेनं केव्हाच बंद केलं होतं. होते त्यांचे चालू, गेले त्यांचे गेले. साध्या तिकिटावर भरली किटली चढू द्यायचे नाहीत.

आसपासच्या वाड्यावस्त्यांतल्या दूधवाल्यांमध्ये पास बाईचा नसायचा, किटलीचा असायचा. घरातली जी बाई किटली उचलेल ती त्या पासावर जायची. कुणाची सासू आजारी, कुणाची सून बाळंत, कुणाची मुलगी माहेरी आलेली. जुना टीसी चेहरे बघायचाच नाही. वाकून कडीवरची पाकिटं मोजायचा आणि पुढे जायचा. सून स्वतः याआधी दोनदा गेली होती. एकदा सासूला ताप होता तेव्हा, एकदा सासूची बहीण वारली तेव्हा.

सासूनं पाकिटाची गाठ ओढून पाहिली, सैल वाटली म्हणून दातांनी घट्ट केली.

"भिंगरीला घेऊन जा," ती म्हणाली. "मला हलता येत नाही. विहिरीकडे पळाली तर कोण धावणार?"

भिंगरी सहा वर्षांची. एका जागी उभी राहत नाही म्हणून भिंगरी. गाडीत जायचं म्हटल्यावर तिनं तोंडसुद्धा धुऊ दिलं नाही.

*

किटलीवर ओलं पोतं गुंडाळून, ती कमरेवर घेऊन सून हॉल्टपर्यंत चालली. सामानाच्या डब्यात सात-आठ जणी आधीच बसल्या होत्या. त्यांच्यात जिचा आवाज दोन डबे पलीकडे जायचा ती भोंगा होती. तिनं हात देऊन किटली वर ओढली.

"आज थोरलं सरकार कुठे?"

"गोठ्यात पडल्या. गुडघा धरलाय."

"मोडला नाही ना?"

"नाही. बोलतायत."

"बोलतेय म्हणजे ठीक आहे," भोंगा म्हणाली. "तुझी सासू गप्प बसली की डॉक्टरला बोलवायचं."

बायका हसल्या. सूनही हसली. भिंगरी दाराच्या फटीतून बाहेरचे खांब मोजत होती आणि दहानंतर पुन्हा एकपासून सुरू करत होती.

तिसऱ्या स्टेशनला टीसी चढला. जुना नव्हे. हा पोरसवदा होता, दाढी नुकती घोटलेली, बूट कोरे. त्यानं किटल्यांकडे पाहिलं नाही. एकेक पास पाकिटातून बाहेर काढायला लावला, आणि फोटो बघून मग चेहरा बघायला लागला. डब्यातली कुजबुज थांबली.

सुनेच्या पासापाशी तो थांबला.

"ही कोण?"

"आमच्या आत्याबाई. सासू."

"आणि तुम्ही?"

"सून."

"फोटोतल्या बाई साठीच्या आहेत. तुमचा पास?"

"हाच की. पास किटलीचा असतो साहेब."

"किटलीचा?" तो खरंच चकित झाला होता. "फोटो किटलीचा आहे का यावर?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. भोंगा पुढे सरकली. "अहो साहेब, नवीन दिसताय. इथं असंच चालतं. जुन्या साहेबांना विचारा."

"जुने साहेब निवृत्त झाले. तुमचा पास तुमचाच आहे ना, मावशी? मग बसा."

भोंगा बसली. तिच्या मागे पोत्याआड तोंड लपवून बसलेली एक पोर पुढच्या स्टेशनला, किटली तिथेच टाकून, गुपचूप उतरून गेली. सुनेला उतरायला जागाच नव्हती. टीसी तिच्या आणि दाराच्या मधे उभा होता.

*

शहराच्या स्टेशनात फलाटाच्या टोकाला एक खोली होती. टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर वेळापत्रक. टीसीनं किटली सावलीत ठेवू दिली. भिंगरीला पाणीही दिलं. वाईट माणूस नव्हता, म्हणून आणखीनच अवघड जात होतं. ओरडला असता तर रडता आलं असतं.

"दुसऱ्याच्या पासावर प्रवास म्हणजे विनातिकीट प्रवास," तो कागद पुढे ओढत म्हणाला. "तुमचं नि मुलीचं भाडं आणि दंड भरावा लागेल. नाही भरला तर दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करतील, तिथे आत बसायचीही पाळी येते. हे झालं तुमचं. आता पासाचं. इथे दोन रकाने आहेत. मालकानं पास स्वतः दिला असेल तर तो रद्द होतो. कायमचा. मालकाच्या नकळत घेतला असेल तर मालकाचा दोष नाही. त्यांनी तीन दिवसांत स्वतः येऊन सांगायचं, पास परत मिळतो."

"नकळत म्हणजे?"

त्यानं पेन टेबलावर ठेवलं. "चोरून."

खिडकीबाहेर एक मालगाडी चालली होती, संपतच नव्हती. सून तिच्या डब्यांकडे बघत राहिली. पास गेला की किटली गेली. किटली गेली की खानावळ गेली. मग गाय कशाला ठेवायची, आणि गाय गेल्यावर त्या घरात तिघी जणी एकमेकींची तोंडं बघत किती दिवस काढणार?

"बोला. दिला की घेतला?"

"आजीनंच तर..." भिंगरी म्हणाली.

सुनेनं तिला जवळ ओढलं, तिचं तोंड आपल्या पोटात दाबलं. जोरात दाबलं गेलं. पोरीचे दात पोटाला लागले.

"घेतला," ती म्हणाली. "त्या पडल्या होत्या. त्यांचं लक्ष नव्हतं. मी काढून घेतला."

"चोरला."

"हो."

त्यानं लिहिलं. ती चौथीपर्यंत शिकलेली होती, म्हणून सही करण्याआधी वाचता आलं. त्या शब्दाखाली तिनं नाव लिहिलं, शाळेत लिहायची तसं, एकेक अक्षर सुटं.

दंडाचे पैसे तिच्याकडे नव्हते. होतं ते दूध. अकरा वाजले होते, पोतं केव्हाच वाळलं होतं. खानावळीला सकाळचं दूध लागायचं, ती वेळ टळली होती. टीसी म्हणाला, बघा कुठे जमतंय का, मुलगी इथे बसू दे. म्हणजे ती पळून जाऊ नये म्हणून पोर ठेवून घेतली, हे दोघांनाही कळलं आणि दोघंही त्याबद्दल बोलले नाहीत.

फलाटावरच्या चहावाल्यानं झाकण काढून वास घेतला. बोट बुडवून चाटलं. मग पळीभर दूध स्टोव्हवर ठेवलं आणि तिच्याकडे न बघता त्या पळीकडे बघत राहिला.

"फाटायला आलंय."

"नाही हो दादा. सकाळचंच आहे."

"सकाळ सकाळी होती, ताई."

पळीतलं दूध फुगलं, वर आलं. फाटलं नाही. "अर्ध्यात देत असशील तर ओत," तो म्हणाला. तिनं किटली दोन्ही हातांनी तिरकी केली. शेवटचा थेंब गळेपर्यंत त्यानं तिला ती तशीच धरायला लावली. पैसे मोजताना गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असा म्हणाला, "दूधवाल्या बायका हल्ली फुकट फिरायला लागल्या म्हणे." दंड कसाबसा भागला, परतीच्या तिकिटापुरते उरले.

*

दुपारी घरी पोचल्यावर तिनं रिकामी किटली उंबऱ्याशी ठेवली आणि सगळं सांगितलं. सासू ऐकत होती. कडीवर पाकीट नाही हे तिनं आधीच पाहिलं होतं.

"चोरला म्हणालीस?"

"दुसरं काय म्हणणार होते?"

"बरं केलंस."

सासूनं गुडघ्यावरची पट्टी सोडली, पुन्हा गुंडाळली.

"माझ्या नावावर खोटं बोलायच्या आधी विचारायचं तरी."

"तुम्ही होतात का तिथं?"

सासूला हसू आलं असं वाटलं, पण ती गुडघ्यातली कळ होती.

दुसऱ्या दिवसाचं दूध शेजारी वाटलं, उरलेलं विरजलं. तिसऱ्या दिवशी विरजायला भांडं उरलं नाही. ओढ्यावरून येताना सुनेच्या डोक्यावरचा भारा रोजच्यापेक्षा लहान होता तरी मान दुखत होती. संध्याकाळी भोंगा वाट वाकडी करून आली. तिनं आवाज लहान ठेवला होता, म्हणजे बातमी चांगली नव्हती.

"खानावळवाली म्हणते, उद्यापर्यंत थांबते. मग दुसरी बघते. तिचाही नाइलाज आहे गं. चाळीस माणसं जेवतात तिच्याकडे."

"उद्या तिसऱ्यातला शेवटचा दिवस. जातेय मी," सासू म्हणाली.

"त्या पायानं?"

"पाय काय पासावर लिहिलाय? चेहरा लागतो म्हणे. तो शाबूत आहे."

*

तिघींची तिकिटं काढली. सासू काठी आणि सुनेचा खांदा यांवर हॉल्टपर्यंत आली. दर वीस पावलांना थांबायची आणि थांबल्याचं कारण म्हणून काहीतरी बोलायची. हे झाड वाळलं वाटतं. त्या घराचं छप्पर कधी काढलं? गाडीत चढवताना भोंगानं वरून ओढलं, सुनेनं खालून लोटलं. सासूच्या तोंडून आवाज आला नाही, पण तिनं सुनेच्या दंडात रोवलेल्या नखांचे वण संध्याकाळपर्यंत दिसत राहिली.

पासाच्या कचेरीत टीसी नव्हता. चष्मा लावलेला, थकलेला एक बाबू होता. दारात इतर लोक रांगेत होते, भोंगा आणि आणखी दोन दूधवाल्या किटल्या घेऊन आडोशाला थांबल्या होत्या. बाबूनं कागद वाचला, मग चष्म्यावरून तिघींकडे बघितलं.

"पास यांनी चोरला?"

"हो," सासू म्हणाली.

"आणि चोरालाच बरोबर घेऊन आलात."

"पाय बघा की साहेब. कोण आणणार मला?"

"खांद्यावर हात टाकून आलात. मी खिडकीतून बघितलं." बाबूनं कागद बाजूला सारला. "आजी, या आठवड्यातला हा चौथा कागद. सगळ्या सुनांनी चोरलेत, आणि सगळ्या सासवा प्रेमानं घेऊन येतायत. घरून ठरवून यायचं आणि आम्हाला शिकवायचं. आधीच्या तिघींचे रद्द केलेत मी."

खोलीत पंखा फिरत होता. सुनेला वाटलं, संपलं. भिंगरीचा हात तिच्या हातात होता, घामानं ओला.

सासूनं तिच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. काठीवर उभी राहिली.

"प्रेमानं?" ती म्हणाली. "हिला?"

आवाज मोठा नव्हता. रांगेतली माणसं मात्र वळली.

"साहेब, ही घरात आली तेव्हापासून माझ्या घरातलं काय काय गेलं ते लिहून घ्या. मिठाचा डबा हिच्या हाती गेला. दाराची किल्ली गेली. गाय दाव्याला कुठे बांधायची तेसुद्धा मला विचारत नाही. मी माझ्या घरात पाहुणी. पासाचं काय घेऊन बसलात? पास लहान आहे."

"बरं, बरं..." बाबू म्हणाला.

"बरं नाही. ऐका. माझा एकुलता एक मुलगा. विहीर आटली, काम नव्हतं, मान खाली घालून जेवायला बसायचा. एक दिवस हिनं ताट पुढे ठेवताना काय म्हणावं? 'बायकांनी दूध विकायचं आणि तुम्ही ओरपायचं.' एवढंच. तो उठला. ताट भरलेलं तसंच. हात धुतला आणि गेला. आठ महिने झाले. हिनं माझा पोरगा ताटावरून उठवला, साहेब. ती पास चोरणार नाही?"

दारात भोंगा खाली बघत होती.

सुनेच्या कानात शिट्टीसारखं काहीतरी वाजत होतं. ते ताट, तो दिवस. त्या वेळी घरात ती आणि नवरा दोघंच होते. सासू गोठ्यात होती. गोठ्यातून ऐकू जात नाही असं ती आठ महिने मानत आली होती. आठ महिने सासूनं तिच्या हातचं खाल्लं होतं, तिच्याकडून पाठ चोळून घेतली होती, सुनेला ताप आला तेव्हा तिच्या कपाळावर रात्रभर पट्ट्या ठेवल्या होत्या. एका शब्दानंही विचारलं नव्हतं.

ती रडायला लागली. थांबवता येईना. बाबूनं तिच्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि घाईनं शिक्का शोधायला लागला, जसं दुसऱ्याच्या घराचं दार चुकून उघडलेलं माणूस लोटून घेतं.

"घ्या. पुन्हा कुणाच्या हाती लागू देऊ नका. आणि घरातलं घरात मिटवा."

"हो," सासू म्हणाली. पास तिनं पदरात बांधला.

बाहेर तीन पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीशी सासू थांबली. काठी पुढे टाकून पाहिली, जमेना. सुनेनं खांदा पुढे केला. सासूनं तिच्याकडे न बघता त्याच्यावर हात ठेवला. सगळा भार ठेवला. तीन पायऱ्या उतरायला खूप वेळ लागला.

"बाबूला पटलं," खाली आल्यावर सासू म्हणाली.

सुनेनं तिच्याकडे बघितलं. सासूच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. उन्हात ती डोळे बारीक करून रस्त्याकडे बघत होती.

"मी खानावळीत जाऊन येते. उद्यापासून दूध येईल म्हणून सांगते. उद्यापासून मीच येणार."

"मी येते बरोबर. एवढं लांब..."

"तू नको," सासू म्हणाली. भोंगाला हाक मारली आणि तिच्या आधारानं निघाली. चार पावलं, थांबणं. चार पावलं, थांबणं. भोंगाच्या काखेतली किटली दर पावलाला तिच्या कमरेवर आपटत होती. मागे वळून मात्र दोघींपैकी कुणीच पाहिलं नाही.

फलाटावरच्या बाकावर मायलेकी बसल्या. दुपारच्या गाडीला वेळ होता. चहावाल्यानं तिकडून बघितलं, ओळखलं, पुन्हा स्टोव्हकडे वळला. सुनेनं पदरानं तोंड पुसलं, भिंगरीच्या केसांतला गवताचा तुकडा काढला, एक काढला की दुसरा दिसायचा. पोरगी आज पाय हलवत नव्हती. तिकिटं तिच्या मुठीत होती, तिनंच सांभाळायला मागितली होती.

"आई, पास तू चोरला नव्हतास. आजीनंच बांधून दिला, दातानं गाठ मारून. मी पाहिलं होतं."

"हो बाळा."

"म्हणजे आजी तिथं खोटं बोलली. आपल्यासाठी."

"हो."

भिंगरीनं मूठ उघडली, तिकिटं आहेत ना ते पाहिलं, पुन्हा मिटली.

"मग बाबांचं सांगितलं, तेपण खोटंच ना?"